आप्पांच्या पाठीचा हिवाळा

सुरुवातीलाच माफी मागतो. लेख लिहिण्याचा मला काही अधिकार आहे असं वाटत नाही. आमच्या घरात लिहिणं म्हणजे फॉर्म भरणं, तेही निळ्या पेनाने, चौकटीबाहेर न जाता. दहावीपर्यंत मी महापालिकेच्या मराठी शाळेत होतो, अकरावी-बारावी गुजरातीत कशीबशी ढकलली आणि आता फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला सगळं इंग्रजीत पाठ करतो. त्यामुळे कुठलीच भाषा मला आपला म्हणून ओळख देत नाही. शिवाय विषय शरीराचा, आणि पदवी अजून हातात आलेली नाही. ज्यांच्या पाठीबद्दल लिहितोय त्या माझ्या वडिलांना, आप्पांना, मी विचारलेलंही नाही. तेव्हा काही चुकलं तर दोष माझा, पाठीचा नाही.

पण तीन आठवड्यांपूर्वी सुरतहून निघताना लिंबायतच्या नाक्यावर पोंकाची पहिली हातगाडी दिसली आणि राहवलं नाही. पोंक म्हणजे कोवळ्या ज्वारीचे भाजलेले हिरवे दाणे. सुरतेत ते लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात. आमच्या खानदेशात त्यालाच हुरडा म्हणतात, आणि तो शेतात बसून खायचा असतो. आप्पा दरवर्षी पहिली पुडी आणतात, एक दाणा तोंडात टाकतात आणि म्हणतात, "आपला जास्त गोड ऱ्हास." म्हणजे गावचा जास्त गोड असतो. मग सगळी पुडी संपवतात. मी कॉलेजात गेलो त्या पहिल्या हिवाळ्यात मात्र त्यांनी पुडी आणली नाही. त्या वर्षी पोंक मी आणला होता, आणि त्यांनी तो झोपल्या झोपल्या खाल्ला होता. अजूनही भाजक्या ज्वारीचा वास आला की मला निरगुडीच्या पाल्याचा वास येतो. दोन्ही वास त्या हिवाळ्यात एकाच खोलीत होते.

आधी मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी पायाळू आहे. आईच्या पोटातून मी पायांकडून आलो. ज्याची पाठ धरली असेल, उसण भरली असेल, त्याच्या पाठीला पायाळू माणसाने तीनदा पाय लावला की दुखणं जातं, असं आमच्याकडे मानतात. लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत तर घरटी एक माणूस लूमवर. बारा बारा तास उभं राहून कापड विणणारी माणसं. पाठींची काही कमी नव्हती. आठवड्यातून एक दिवस कारखान्यांची वीज बंद असायची, त्या दिवशी सकाळी आमच्या दारात पुरुष उंबऱ्यावर पालथे झोपायचे आणि मी, पाच-सहा वर्षांचा, आईचा हात धरून त्यांच्या कमरेवर डावा पाय ठेवायचो. एकदा, दोनदा, तीनदा. रोग्याने बोलायचं नाही, मी हसायचं नाही. त्याबद्दल काही घ्यायचं नाही हाही नियम होता, पण संक्रांतीला मला न मागता पतंग मिळायचे. आमच्या वरच्या मजल्यावरचे गजानन काका, अकोल्याकडचे, आप्पांच्याच कारखान्यात होते. ते उठताना कमरेला हात लावून म्हणायचे, "डॉक्टर, तुमचा पाय लई थंडा आहे बाप्पा." गल्लीने मला डॉक्टर म्हणायला तेव्हापासून सुरुवात केली होती. मी फिजिओथेरपीचा फॉर्म भरला तेव्हा कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून सगळे गावाहून परतले आणि कारखाने सुरू झाले. पहिल्याच दिवशी आप्पा आणि आणखी एक जण मिळून ताण्याचा जड बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, मशीनवर चढवत होते. समोरच्याचा हात जरा आधी सुटला. आप्पा सांगतात की आवाज आला नाही, फक्त कुणीतरी आतून चिमटा काढला असं वाटलं. चिमटा सुटलाच नाही. गजानन काका त्यांना रिक्षात बसवून घरी घेऊन आले. आप्पा रिक्षातून उतरले ते वाकलेलेच.

मोठ्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे झाला, तपासणी झाली, पायात ताकद आहे की नाही ते बघितलं. डॉक्टर म्हणाले, "काका, हाडकां बराबर छे. चालवानुं राखो." हाडं ठीक आहेत, चालत राहा. घरी येताना आई म्हणाली, "ज्याले उभं ऱ्हावाले जमत नही, त्याले चालाले सांगस. नीट दखंच नही त्यानी." आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की आराम हेच औषध. आप्पांना चटईवर निजवलं. आई कालव्याच्या काठावरून निरगुडीचा पाला आणायची, तव्यावर गरम करून बांधायची. विटेचा शेक द्यायची. आप्पांना पाणी, जेवण, सगळं हातात. कामावर रोज आठ मशीनमध्ये फिरणारा माणूस सहा आठवडे छताकडे बघत पडून होता. दुखणं कमी होण्याऐवजी कमरेतून मांडीत उतरलं, मानेत चढलं. कारखान्याच्या मालकाने निरोप पाठवला होता, होळीपर्यंत तुमच्या मशीन तुमच्याच, पुढचं मी सांगू शकत नाही. आप्पा तो निरोप रोज एकदा स्वतःशीच म्हणायचे. होळीपर्यंत. त्यांना पुन्हा मशीनवर उभं राहायचं होतं, दुसरं काही नको होतं.

आणि त्याच घरात, दोन हात अंतरावर, मी हाडांची नावं पाठ करत होतो.

डिसेंबरातली एक सकाळ. आप्पा भिंत धरून धरून दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावर पालथे झाले. "योगेश, पाय लाव रे भो जरा."

माझ्या हातात पुस्तक होतं. मी म्हणालो, "आप्पा, मी आता कॉलेजात हे शिकतो. असल्या गोष्टी मी करू का? तिथे कुणाला कळलं तर हसतील."

"तठे सांगाले कोन जास?"

"प्रश्न तो नाही. त्याने काही होत नसतं."

आप्पा उठले नाहीत. बहुतेक मी मन बदलेन असं त्यांना वाटलं असावं. आई आतून म्हणाली, "धाकला व्हता तधळ अख्ख्या गल्लीले लाथा मार्‍यात, आते बापले एक बी नही?" मी पान उलटलं. उंबऱ्यावरून उठायला आप्पांना किती वेळ लागला ते मी बघितलं नाही, पण ऐकलं.

मग उत्तरायण आलं, म्हणजे आपली संक्रांत. सुरतेत त्या दोन दिवसांत घरात कुणी राहत नाही, अख्खं शहर गच्चीवर असतं. आप्पाही आले. एक एक पायरी, मध्ये थांबत. आधी खुर्चीत बसून त्यांनी माझी फिरकी धरली. मग माझे दोन पतंग लागोपाठ कापले गेले तेव्हा त्यांनी मांजा माझ्या हातातून घेतला. पुढचा तासभर मी जे बघितलं ते मला अजून दिसतं. मान मागे टाकलेली, दोन्ही पाय रोवलेले, कंबर सरळ. ढील देताना त्यांचे हात लूमवर असतात तसे चालत होते. त्यांनी चार पतंग कापले. गच्ची "लपेट! लपेट!" ओरडत होती. आप्पा हसत होते. दिवाळीनंतर पहिल्यांदा.

गजानन काका पलीकडून म्हणाले, "काय हो भाऊ, पाठ कुठी ठेवली आज? खाली चटईवरच राहिली काय?"

सगळे हसले. काकांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, ते सगळ्यांनाच असं बोलतात. पण मी, सगळ्यांसमोर, शिकलेल्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "तेच तर मी केव्हापासून सांगतोय. रिपोर्टमध्ये काहीच नाहीये."

आप्पांनी मांजा माझ्या हातात दिला. पतंग अजून वर होता. ते जिना उतरून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांना कूस बदलता येत नव्हती. पण ते कण्हले नाहीत. त्यानंतर त्यांनी कण्हणं बंदच केलं. निरगुडी नको म्हणाले, शेक नको म्हणाले. आईला वाटलं उतार पडला. मी एकदा मोरीच्या दाराआडून पाहिलं, ते दोन्ही हात भिंतीला टेकवून, डोळे मिटून उभे होते. बाहेर आले तेव्हा चेहरा साफ होता. ज्याचं दुखणं कुणी खरं मानत नाही त्याला दुखण्याबरोबर आणखी एक काम करावं लागतं, लपवण्याचं. ते काम मी त्यांना लावलं होतं. एवढं मात्र मला तेव्हाच कळलं होतं. पुढे काय करायचं ते कळत नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी आमची प्रिलिम होती. शरीरक्रियाशास्त्राच्या पेपरासाठी मी स्वायत्त चेतासंस्थेचं प्रकरण घेऊन बसलो होतो. हृदय, श्वास, घाम, पचन, ही सगळी कामं आपल्याला न विचारता चालवणारी शरीरातली व्यवस्था. तिचे दोन भाग. एक संकट आलं की शरीराला सज्ज करतो, नाडी वाढवतो, स्नायू ताणतो, पोटाचं काम मागे टाकतो. दुसरा संकट टळलं की सगळं पुन्हा जागेवर आणतो. वहीत मी मधोमध रेघ मारून डावीकडे पहिला आणि उजवीकडे दुसरा भाग लिहिला होता. दुपार होती. आप्पा चटईवर झोपले होते. मागच्या गल्लीत लूम चालू होते, त्यांचा खटखटाट आमच्या घरात इतका मुरलेला आहे की तो कुणाला ऐकूच येत नाही.

अचानक वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले. इतकी शांतता झाली की शेजारच्या घरातला कुकर ऐकू आला. आणि आप्पा गाढ झोपेतून ताडकन उठून बसले. "कोनती बंद पडनी?" त्यांचा हात हवेत काहीतरी शोधत होता. मग पाठीत कळ आली आणि ते तसेच अडकले. कपाळावर घाम. मी जाऊन त्यांना धरलं, आणि सवयीने बोटं मनगटावर गेली. नाडी पळत होती. तळहात गार. श्वास छातीच्या वरच्या वर. खांदे कानाला लागलेले. कमरेचे स्नायू माझ्या हाताखाली दोरखंडासारखे घट्ट. माझ्या वहीतली डावी बाजू ओळीने माझ्यासमोर बसली होती.

लूमवर शांतता म्हणजे बिघाड. आठ मशीनच्या गोंगाटात कुठे एक धागा तुटला तर आप्पांना तो कानाने कळतो. वीस वर्षं त्यांचा कान असा पहाऱ्यावर आहे. आम्ही त्यांना सहा आठवडे चटईवर निजवलं आणि समजलो की ते आराम करतायत. शरीर मात्र आत उभंच होतं, कामावर, कान लावून. त्यात होळी जवळ येत होती. त्यात मी म्हणालो होतो की रिपोर्टमध्ये काही नाही.

पाच-दहा मिनिटांनी वीज आली. मागच्या गल्लीत खटखट सुरू झाली, आणि माझ्या बोटांखालची नाडी हळूहळू उतरली. खांदे खाली आले. त्या आवाजाने माझं डोकं उठतं, आप्पांना त्यानेच स्वस्थ वाटत होतं.

मी म्हणालो, "आप्पा, गच्चीवर मी चुकीचं बोललो."

"याद शे माले."

"दुखतं ते खरं आहे. रिपोर्टमध्ये दिसत नाही, तरी खरं आहे. पतंग उडवला तेही खरं आणि दुसऱ्या दिवशी उठता आलं नाही तेही खरं."

आप्पांनी पुस्तकाकडे बोट केलं. "हाई तुन्हा पुस्तकमा शे?"

"आहे."

"मंग तुन्ही मायले बी वाची दाखाड."

मी दोघांना वाचून दाखवलं, म्हणजे मराठीत जमेल तसं सांगितलं. माझ्या आयुष्यातला तो पहिला वर्ग आणि मी फार अडखळलो. शरीरात अशी एक व्यवस्था असते, ती आपल्याला न विचारता चालते, असं म्हटल्यावर आप्पांनी विचारलं, "तिना मालक कोन?"

"कुणीच नाही."

"मंग ती सुखी शे."

जखम भरल्यावरही दुखणं का राहतं, हे मला सांगता येईना. ते त्यांनीच सांगितलं. मशीनवर प्रत्येक धाग्यावर एक पातळ पट्टी टांगलेली असते. धागा तुटला की पट्टी पडते आणि मशीन थांबते. पण एखादी मशीन जुनी झाली, एकदा मोठा झटका बसला की ती नाजूक होते. धागा शाबूत असतो, नुसता हलला तरी ती थांबते. नवा कारागीर धागा शोधत बसतो आणि तुटलेला धागा सापडत नाही. "मशीन खोटी नही ऱ्हास," आप्पा म्हणाले. "ती घाबरेल ऱ्हास. तिले हळू हळू चालाडीसन सवय लावनी पडस." त्या घाबरलेल्या मशीनचा दाखला मी पुढे तोंडी परीक्षेत दिला. मॅडमनी विचारलं, हे कोणत्या पुस्तकात आहे? मी म्हणालो, आमच्या घरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबऱ्याजवळ चप्पल काढून उभा राहिलो आणि म्हणालो, झोपा, पाय लावतो. मनापासून म्हणालो. उंबऱ्यावर पडलेल्या माणसाला काय मिळत असेल ते मला तोवर थोडं कळू लागलं होतं. चार माणसं आपल्यासाठी थांबली आहेत, कुणीतरी आईचा हात धरून आपल्या दुखण्याला शिवतंय, श्वास आपोआप सुटतो. आप्पांनी माझ्या पायाकडे पाहिलं. "आते नको. तो पाय धाकला व्हता तोच बरा व्हता. हाऊ ठेवशी त मी उठावच नही." आई पदरात तोंड घालून हसली.

मग आम्ही चालायला लागलो. पहिल्या दिवशी पिठाच्या चक्कीपर्यंत. कुठून परत फिरायचं ते घरून निघतानाच ठरवायचं, दुखो न दुखो. दुखणं नसलं तरी पुढे जायचं नाही, असलं तरी जमेल तेवढं तिथवर जायचं. श्वास घ्यायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडायचा, हे मी शिकवलं. त्यांना एक-दोन-तीन मोजणं आवडेना, म्हणून त्यांनी मागच्या गल्लीतल्या जवळच्या मशीनचे ठोके धरले. चार ठोक्यांना आत, आठ ठोक्यांना बाहेर. चक्कीनंतर शाळा, शाळेनंतर रेल्वेखालचं गरनाळं, म्हणजे भुयारी रस्ता. गजानन काका समोरून यायचे आणि विचारायचे, "वरात कुठी चालली?" पाचव्या-सहाव्या दिवशी तेही बरोबर चालायला लागले आणि त्यांनी सांगितलं की त्यांचीही पाठ दोन वर्षांपासून दुखते. घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

हे सगळं सरळ रेषेत झालं असं वाटायला नको. एकदा आप्पांनी गव्हाचं पोतं ओढलं आणि चार दिवस गेले. एकदा काहीच केलं नाही तरी दोन दिवस गेले. होळी आली तेव्हा ते गरनाळ्यापर्यंत जाऊन येत होते, पण बारा तास उभं राहणं फार दूर होतं. मशीन दुसऱ्या माणसाला मिळाल्या. आप्पांनी साड्यांच्या घड्या घालायचं बैठं काम धरलं. तीन वर्षं तेच करत होते. विचारलं तर म्हणायचे, बरं आहे. एकदाच म्हणाले, "हातले काम शे, कानले नही." संध्याकाळी घरी आले की मागच्या गल्लीकडची खिडकी उघडून बसायचे.

सध्या मी व्याऱ्याकडच्या एका दवाखान्यात महिनाभराच्या पोस्टिंगवर आहे. बायका, म्हातारे, ट्रक चालवणारे येतात. बहुतेकांच्या हातात पिशवी, पिशवीत एक्स-रे. टेबलावर ठेवायच्या आधीच घाईघाईने सांगू लागतात की रिपोर्टमध्ये काही नाही म्हणतात, पण दुखतं हो. माझं गुजराती अजून बेताचंच आहे, पण पहिलं वाक्य मी चांगलं घोटून ठेवलंय. दुखतंय ते खरं आहे, बसा. ते ऐकून माणसाचे खांदे किती खाली येतात, ते मी आता मोजल्याशिवाय ओळखतो. बाकी बरंच येत नाही. हे येतं.

इथवर लिहून झालं होतं आणि आज दुपारी गजानन काकांचा फोन आला. ते मला सहसा फोन करत नाहीत, म्हणून पहिल्याच रिंगला उचलला.

"काय करून राहिला डॉक्टर? काही नाही, घाबरू नको. तुझा बाप मशीनवर उभा होऊन राहिला."

"कुठल्या मशीनवर?"

"लूमवर, अजून कुठल्या? घड्यांचं काम सोडलं त्याने. दोन मशीन मागून घेतल्या मालकाकडून. तुझ्या मायलेही आठ दिवसांनी सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मीही तेच म्हटलं. म्हणे, दहा दिवस निभलं तर सांगतो पोराले. दहा झाले, तरी तोंड उघडून नाही राहिला, म्हणून मी फोन केला."

मागे खटखटाट होता, काकांना ओरडून बोलावं लागत होतं. मलाही ओरडूनच विचारावं लागलं, "काका, पाठ दुखते का त्यांची?"

"दुखते म्हणे. मी इचारलं. म्हणे दुखते, पण आता मी तिले भेत नाही."

"आज कितवा दिवस?"

"बारावा," काका म्हणाले. "आणि कालपासून चार मशीन आहेत."